ठाण्याहून गाडीने कोकणात: उन्हाळी सहलीचा पहिला दिवस कसा आखायचा

पहिल्यांदाच स्वतःची गाडी काढून, मुलं आणि आई-वडील यांना सोबत घेऊन मे महिन्यात कोकणात निघणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या घरात गाडी मी आणि नवरा आलटून पालटून चालवतो. मागे सासूबाई आणि दोन मुलं. म्हणजे जिच्यात आजीचे गुडघे, धाकट्याची उलटी आणि मोठीचे प्रश्न एकत्र प्रवास करतात अशी गाडी. तुमचीही साधारण तशीच असेल.

मुक्कामी पोचल्यावर थोडं मागेपुढे झालं तरी कुणाचं बिघडत नाही. पहिल्या दिवशी मात्र भरलेली गाडी, ऊन, हायवेवरची गर्दी आणि घरातून निघतानाची घाई हे सगळं एकत्र येतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: पहिला दिवस छोटा ठेवा आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला गाडीतून उतरलेले असा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

रस्ता धरलाय तो असा: ठाणे, ठाणे-बेलापूर रोड, पनवेल, पळस्पे फाटा, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण. नवी मुंबईकरांना पहिला टप्पा तेवढा सोपा, बाकी सगळं सारखंच.

१. पहिला मुक्काम कुठे, हे आधी ठरवा

मालवण ठाण्याहून सुमारे पाचशे किलोमीटर. नकाशा ज्या तासांचा आकडा दाखवतो, त्यात आजीचं चहाचं थांबणं नसतं, मुलांचं ‘शू आली’ नसतं आणि माणगावची रांगही नसते. एकटे-दुकटे असाल तर एका दमात जाल. मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर जाऊ नका.

चिपळूण ठाण्याहून अडीचशे किलोमीटरच्या आत येतं. पहाटे निघालात तर थांबत थांबत बारा-साडेबारापर्यंत पोचता. तिथून गणपतीपुळे, रत्नागिरी, गुहागर, मालवण कुठेही दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या अंगाने निघता येतं. गुहागर किंवा दापोलीलाच जायचं असेल तर पहिल्याच दिवशी पोचाल, तेव्हा चिपळूणचा मुक्काम लागणार नाही. त्याच्या पुढे कुठेही असेल तर मध्ये एक रात्र टाका. एका रात्रीचं भाडं जास्त जातं, पण पुढचे दोन दिवस कुणी आजारी पडत नाही.

हॉटेल ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: गाडी आवारात लागते का, चेक-इन किती वाजता, आणि खोली तळमजल्यावर मिळेल का. बारा वाजता पोचून दोनपर्यंत खोली मिळाली नाही तर लवकर निघाल्याचा सगळा फायदा गेला. आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी सोय करतात.

२. वार आणि वेळ

शुक्रवार रात्र आणि शनिवार सकाळ टाळा. त्याचं कारण रस्त्यातच आहे. वडखळपर्यंत अलिबागची सगळी गर्दी तुमच्याच रस्त्यावर असते, ती वडखळला उजवीकडे फुटते. पुढे माणगावला ताम्हिणी घाटातून उतरलेली पुण्याची वाहनं येऊन मिळतात, आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वर-दिवेआगरला जाणारे तिथेच वळत असतात. शनिवारी सकाळी या दोन्ही गर्द्यांच्या मध्ये तुम्ही सापडता. १ मेला जोडून सुट्टी आली की आणखी वाढ. मंगळवार किंवा बुधवार मिळाला तर उत्तम.

वेळ पहाटे पाचची. पावणेपाचला निघालात तर आणखी चांगलं. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणजे शहर अंधारात ओलांडायचं आणि हायवे उजेडात धरायचा.

‘रात्री अकराला निघू, मुलं झोपतील, रस्ता रिकामा मिळेल’ असं सांगणारे खूप भेटतील. कुटुंब घेऊन जाताना मला हे अजिबात पटत नाही. या महामार्गाचं काम वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी चाललंय. अचानक रस्ता एका बाजूला वळतो, मध्ये सिमेंटचे ठोकळे असतात, कधी पाटी असते कधी नसते. दिवसा हे लांबून दिसतं, रात्री समोरच्या दिव्यांत दिसत नाही. आणि पहाटे तीन ते पाच या वेळात चालवणाऱ्याच्या डोळ्यावर झोप येतेच, चहाने ती फक्त पुढे ढकलली जाते. दिवसभर ऑफिस करून त्याच रात्री स्टेअरिंगवर बसणं तर नकोच. चालवणाऱ्याने आदल्या रात्री नऊला झोपायचं, सामान बाकीच्यांनी भरायचं.

३. गाडी आठ दिवस आधी दाखवा

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नका. गॅरेजमध्ये काही उघडलं की ते नीट बसलंय का हे दोन-चार दिवस गाडी शहरात फिरल्यावरच कळतं. आठ दिवस आधी द्या, मग घोडबंदर रोडला एखादी फेरी मारा आणि कानाने ऐका.

मेकॅनिकला मोघम ‘बघून घ्या’ म्हणू नका. नाव घेऊन सांगा: ब्रेक पॅड, कूलंट, रेडिएटरचा पंखा, बेल्ट, बॅटरी, एसीचा गॅस, वायपरचं रबर. वायपर उन्हाळ्यात कशाला, असं वाटेल. पण मेच्या अखेरीला वळवाचा पाऊस गाठतो, आणि वर्षभर उन्हात वाळलेलं रबर नेमकं त्याच वेळी काचेवर धुरकट पट्टे ओढतं. कूलंट स्वतः बघायचं असेल तर इंजिन गार असतानाच. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

आता टायर. सहसा गाडीत चालवणारा एकटा असतो आणि हवा त्या हिशोबाने भरलेली असते. पाच माणसं आणि सामान भरल्यावर जास्त हवा लागते. किती, ते चालवणाऱ्याच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, कमी वजनासाठी एक आकडा आणि पूर्ण वजनासाठी दुसरा. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा. हवा टायर गार असताना भरायची, म्हणजे घराजवळच्या पंपावर. आणि भरून झाली की म्हणा, ‘दादा, स्टेपनी पण बघा.’ स्टेपनी कुणी बघत नाही. सामानाखाली दोन वर्षं पडून तिची हवा निम्मी झालेली असते, आणि हे पंक्चर झाल्यावर कळतं.

४. कागदपत्रं आणि हत्यारं

कागद:
- आरसी
- विम्याची चालू पॉलिसी
- पीयूसी
- चालवणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स
- सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरच्या हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचा) दाखला
- हॉटेलसाठी सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स चालतात, पण फोनची बॅटरी संपते आणि घाटात रेंज जाते, म्हणून एक कागदी संच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पीयूसीची तारीख खास बघा. नव्या गाड्यांची वर्षाची आणि जुन्यांची सहा महिन्यांची असते, त्यामुळे नेमकी कधी संपली हे लक्षात राहत नाही. विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का हे आधी वाचा आणि तो नंबर कागदावर लिहा.

हत्यारं: जॅक, पाना, लाल त्रिकोण, टॉर्च, बॅटरीच्या जंपर केबल, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, जुना टॉवेल, हातमोजे. जॅक लावायची जागा कुठे आहे ते पार्किंगमध्ये एकदा बघून ठेवा. माझ्या मते घरातल्या दोन्ही चालवणाऱ्यांनी एकदा तरी स्वतः चाक उतरवून परत बसवलेलं असावं.

फोनमध्ये आणि कागदावर हे नंबर: ११२ कुठल्याही आणीबाणीला, १०८ रुग्णवाहिकेला, १०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीला. १०३३ ला फोन केला की ‘कुठे आहात?’ हा पहिला प्रश्न असतो. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, शेवटचा दिसलेला आकडा सांगता आला तर गाडी लवकर येते. आमच्याकडे हे काम मोठ्या मुलीकडे आहे, ती आकडे वहीत लिहीत जाते.

५. आदल्या संध्याकाळी

इंधन भरून ठेवा. पहाटे भरू म्हणालात तर अर्धा तास जातो.

ठाण्यात निम्म्या गाड्या सीएनजीच्या दिसतात, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगते. पनवेल सोडल्यावर सीएनजीचे पंप विरळ होतात आणि सुट्टीत तिथे लांब रांगा असतात. भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, म्हणजे झोपलेली मुलंही उठणार आणि आजीही उन्हात उभी राहणार. म्हणून सिलिंडर ठाण्यातच आदल्या रात्री, गर्दी ओसरल्यावर भरा आणि पेट्रोलची टाकीही किमान अर्धी ठेवा. वाटेत गॅस संपला तर रांगेत उभं न राहता पेट्रोलवर जा. चार-पाचशे रुपये वाचवायला भर उन्हात तासभर थांबणं परवडत नाही. चढणीला गॅसवर गाडी दमते, तिथेही पेट्रोलवर टाका. हायड्रोटेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची मुदत संपलेली असली तर पंपवाला भरायला नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का आणि केवायसी पूर्ण आहे का, हे आदल्या संध्याकाळी बघा. टोलच्या रांगेत उभं राहून रिचार्ज केला तर तो लगेच दिसेलच असं नाही, आणि टॅग बंद असेल तर जास्तीचा टोल बसतो. वार्षिक पास काढलेल्यांनी लक्षात ठेवा, तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, तिथे नाही.

पनवेल ते चिपळूण पट्ट्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

६. नावांचा घोळ, हा सगळ्यात मोठा सापळा

याला वेगळी पायरी दिलीय, कारण नवीन माणूस इथे हमखास फसतो. या एका रस्त्यावरच्या निम्म्या गावांची नावं महाराष्ट्रात दुसरीकडेही आहेत.

- महाड: तुम्हाला हवंय ते सावित्री नदीकाठचं, चवदार तळ्याचं महाड. दुसरं खोपोलीजवळचं, अष्टविनायकातल्या वरदविनायकाचं. दोन्ही रायगड जिल्ह्यातच.
- इंदापूर: एक माणगावच्या अलीकडे, दुसरं पुणे जिल्ह्यात.
- खेड: एक रत्नागिरी जिल्ह्यातलं, दुसरं पुणे जिल्ह्यातलं, ज्याला राजगुरुनगर म्हणतात.
- पाली: एक बल्लाळेश्वराची, नागोठण्याच्या बाजूला. दुसरी रत्नागिरीजवळ महामार्गावरच.

फोनमध्ये नुसतं ‘महाड’ टाकलं आणि त्याने खोपोलीचं उचललं, तर कळंबोलीला तो तुम्हाला बिनदिक्कत एक्स्प्रेस-वेवर चढवतो. एकदा चढलात की पुढच्या एक्झिटपर्यंत वळता येत नाही. म्हणून गावाचं नाव टाकू नका, हॉटेलचं नाव टाका. मधल्या थांब्यांसाठी ‘महाड एसटी स्टँड, रायगड’ असं पूर्ण टाका आणि रेघ पेण-वडखळ-माणगाववरून जातेय ना, हे निघण्याआधी डोळ्यांनी बघा.

एक गोष्ट मात्र घोळ नाही. कधीकधी फोन एक्स्प्रेस-वेने खोपोली आणि तिथून पालीमार्गे वाकण फाट्याला काढतो. हा खरा पर्याय आहे. पेण-वडखळला तुंबलं असेल तर लोक मुद्दाम तिकडून जातात. एक्स्प्रेस-वेचा टोल तेवढा भरावा लागतो. पहाटे पाचला निघालात तर याची गरज पडू नये.

७. सामान भरताना

जे शेवटी लागणार ते तळाला, जे रस्त्यात लागणार ते दाराशी. ऐकायला सोपं आहे, पण आदल्या रात्री सगळे आपापली बॅग आणून डिकीत टेकवतात आणि सकाळी डबा सगळ्यात खाली सापडतो. आम्ही आधी सगळं पार्किंगमध्ये जमिनीवर मांडतो. जड आणि कडक बॅगा पुढच्या सीटच्या दिशेने तळाला, मऊ पिशव्या भेगांमध्ये, वर चादर. त्यावर एकच ‘रस्त्याची पिशवी’, जिच्यात एक जोडी कपडे मुलांचे, टॉवेल, औषधं, ओले पुसणे, कागदी साबण आणि कचऱ्याच्या पिशव्या. शेवटी सासूबाईंची काठी, सीटच्या कडेला उभी.

सीएनजीच्या सिलिंडरने डिकी निम्मी होते. मग माणसं सामान मागच्या काचेपर्यंत रचतात आणि आरशात मागचं दिसेनासं होतं. त्यापेक्षा बॅगा कमी करा, किंवा कॅरियर लावा आणि दोरी घट्ट आवळा. मागच्या काचेजवळच्या फळीवर स्टीलची बाटली, छत्री, खेळणं असं काहीही मोकळं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ते मुलांच्या डोक्यावर येतं.

स्टेपनी आणि जॅकपर्यंत सगळं सामान न उपसता हात पोचतो का, हेही बघून घ्या.

८. डबा

मेच्या उन्हात काय टिकतं, यावर डबा ठरवा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, कोरडी लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे, खाकरा हे दुपारपर्यंत छान राहतं. ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी, दहीभात नकोत. पहाटे केलेली बटाट्याची भाजी बंद डब्यात, तापलेल्या डिकीत अकरापर्यंत आंबते. पुऱ्या गरम गरम डब्यात भरल्या तरी वाफ धरतात, आधी वर्तमानपत्रावर पसरून गार होऊ द्या.

पाणी माणशी दोन लिटर धरा, त्यातली एक बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून. ओआरएसची पाकिटं, आवळासुपारी, आल्याच्या वड्या, लिंबू. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत घेतलं तर थंड पाण्यात मीठ-साखर घालून जागेवर सरबत होतं.

निघताना हातावर दही-साखर ठेवायची आणि पोटात काहीतरी कोरडं जाऊ द्यायचं. रिकाम्या पोटी उलटी जास्त होते, आणि भरपेट दुधाने त्याहून जास्त.

९. कोण कुठे बसणार

हे गाडीपाशी ठरवायला गेलं की रडारड ठरलेली, म्हणून आदल्या दिवशी ठरवा.

गाडी दक्षिणेकडे जाणार. म्हणजे सकाळभर ऊन डाव्या खिडकीतून, दुपार कलली की उजव्या. बारापर्यंत पोचायचं असेल तर आजी-आजोबांना मागे उजवीकडे बसवा. डाव्या काचेला जाळीची सावली लावा. ज्याला गाडी लागते त्याला मागच्या सीटवर मध्ये किंवा शक्य असेल तर पुढे, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. त्याच्या हातात मोबाइल किंवा पुस्तक देऊ नका. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत, निघण्याच्या आधी द्यायची. सुकेळी खिंडीत मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. चालवणाऱ्याने ती गोळी घ्यायची नाही, तिने झोप येते.

मूल मांडीवर नको, पुढच्या सीटवर कुणाच्या मांडीवर तर मुळीच नको. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लागतं, नाहीतर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असं मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. दंडाचं सोडा. साठच्या वेगात ब्रेक लागला तर कुठल्याही आईच्या हातात मूल राहत नाही. मागे बसलेल्या आजींनाही पट्टा लावा. ‘मला गुदमरतं’ म्हणतील. पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून आणि खांद्यावरून गेला की गुदमरत नाही, एकदा नीट बसवून दाखवा.

१०. ठाण्यातून बाहेर पडताना

कळवा पूल, विटावा, मग ऐरोली-घणसोली-कोपरखैरणे करत ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे-नेरुळकडे आणि सायन-पनवेल हायवे. पहाटे हा पट्टा पाऊण तासात मागे पडतो, सकाळी नऊला याच पट्ट्यात दीड तास जातो. घोडबंदरकडून येणाऱ्यांना फोन मुंब्रा बायपास-शीळफाटा सुचवतो. तो अवजड गाड्यांचा रस्ता आहे, पहाटे ट्रेलरच्या रांगा असतात. मी तिकडून जात नाही.

ऐरोली, वाशी, मुलुंड हे मुंबईच्या वेशीवरचे टोलनाके या वाटेत येत नाहीत. आले असते तरी ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना तिथे टोल नाही.

लक्ष लागतं ते कळंबोलीला. एक्स्प्रेस-वे, जुना पुणे रस्ता, जेएनपीटी बंदराकडे जाणारे ट्रेलर, सगळे तिथे एकमेकांत शिरतात. तुम्हाला पनवेल-गोवा लिहिलेल्या पाटीखाली राहायचंय. शेजारी बसलेल्याने इथे फोन बाजूला ठेवून नुसत्या पाट्या वाचायच्या आणि आधीच सांगायचं, ‘डावीकडे राहा’, ‘सरळ’. पुढे पळस्पे फाट्याला उजवीकडे वळलात की राष्ट्रीय महामार्ग ६६ लागला, जुन्या लोकांचा मुंबई-गोवा हायवे.

११. पळस्पे ते महाड

आधी कर्नाळा. अंगठ्यासारखा सुळका आणि भोवती अभयारण्याची झाडी, गाडीत बसूनच बघा. इथे माकडं रस्त्यावर येतात, त्यांना खायला टाकू नका.

पहिला थांबा निघाल्यापासून दीड तासाने, पेण-वडखळच्या आसपास. गरज असो नसो, सगळ्यांनी उतरायचं. ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्या मुलालाही न्यायचं. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ग्राहकांना मोफत मिळायला हवं, बिनधास्त विचारा. पेण गणपतीच्या मूर्तींचं गाव. मे महिन्यात कारखान्यांमध्ये मूर्तींच्या रांगा असतात. बघायचं असेल तर येताना थांबा, आणि पोह्याचे पापडही तेव्हाच घ्या.

वडखळनंतर रस्ता मोकळा होतो. नागोठणे, वाकण, सुकेळी खिंड, कोलाड. खिंडीत वळणं आहेत, उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, खालचा गिअर ठेवा. मग इंदापूर आणि माणगाव. या दोन बाजारपेठा म्हणजे दिवसाची परीक्षा, म्हणून नऊच्या आत माणगाव ओलांडायचं हे डोक्यात ठेवूनच आधीचे थांबे छोटे करा. बायपासचं काम कुठवर आलंय ते निघण्याआधी बघून घ्या. रांग लागलीच तर शेजारच्या गल्लीत घुसू नका आणि उलट्या बाजूने पुढे काढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. समोरून एसटी आली की दोन्हीकडचा रस्ता बंद पडतो.

महाडला मोठा थांबा. डबा इथे उघडायचा. मुलं शाळेत जाणारी असतील तर हायवे सोडून गावात शिरा आणि चवदार तळं दाखवा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे ओंजळीने पाणी घेतलं आणि हजारो माणसांनी त्यांच्यामागून घेतलं. माणसांना पाणी पिऊ देत नव्हते, हे मुलांना पुस्तकात वाचून पटत नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं की ती गप्प होतात आणि मग प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांना वेळ द्या, मुक्कामी अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.

रायगड इथून सुमारे पंचवीस किलोमीटर. ‘एवढं जवळ आहे तर जाऊन येऊ’ हा मोह पहिल्या दिवशी आवरा. मेच्या उन्हात किल्ला दुपारी बघायचा नसतो. त्याला वेगळी सकाळ द्या.

१२. उन्हाचे दोन नियम

मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, म्हणून ते शून्य सावलीचे दिवस. त्या सुमाराला भिंतीच्या कडेला गाडी लावून सावली मिळत नाही, झाडाच्या थेट खालीच लावावी लागते. थांबून आल्यावर लगेच एसी लावू नका. चारी काचा मिनिटभर उघड्या ठेवून गाडी चालवा, तापलेली हवा बाहेर गेली की एसी लवकर गार करतो. स्प्रेच्या बाटल्या, लायटर, पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवू नका.

आणि बंद गाडीत मूल किंवा म्हातारं माणूस एकटं ठेवायचं नाही. पाच मिनिटांसाठी नाही, ‘झोपलाय, उठवू नको’ म्हणूनही नाही. उठवा आणि कडेवर घेऊन जा.

१३. महाड ते चिपळूण

पोलादपूरनंतर कशेडी. जुना घाट वळणावळणाचा, आता त्याला सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याचा पर्याय आहे. बोगद्यात शिरताना गॉगल काढा, हेडलाइट लावा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. आत फोनची दिशा हरवते, त्यामुळे बाहेर पडल्यावर तो काय सांगतो इकडे लक्ष न देता खेड-चिपळूणच्या पाट्या धरा.

खेडजवळ भरणे नाका, मग लोटेची औद्योगिक वसाहत, तिथे टँकर फार. शेवटी परशुराम घाट, आणि उतरताना खाली वाशिष्ठीचं खोरं दिसतं. बघायला चालवणाऱ्याने मान वळवू नये. संध्याकाळी ऊन उतरल्यावर परशुराम मंदिरात जाता येतं, तिथून निवांत बघा.

वाटेत आंब्याच्या पेट्या घेऊन उभी असलेली माणसं दिसतील. पहिल्या दिवशी घेऊ नका, पेटी आठवडाभर तापत्या डिकीत फिरून खराब होते. परतीच्या दिवशी बागायतदाराकडून घ्या. कोकणच्या, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. नोंदणी केलेला विक्रेता असेल तर तो तसं दाखवू शकतो, विचारा.

१४. पोचल्यावर

खोलीत शिरण्याआधी गाडीभोवती एक फेरी. चारी टायर, गाडीखाली काही ठिबकलंय का, कॅरियरची दोरी. डबे लगेच धुवा, उरलेलं ओलं अन्न टाकून द्या. चालवणाऱ्याने जेवून दोन तास आडवं व्हायचं, मुलांना दुसऱ्याने बघायचं. घरी ठाण्यात ज्यांना सांगायचं त्यांना फोन करा.

संध्याकाळी फिरायला बाहेर पडाल तेव्हा पेट्रोल भरून घ्या आणि सकाळी हॉटेलचा नाश्ता किती वाजता मिळतो ते विचारा. साडेसातनंतर म्हणाले तर त्याची वाट बघू नका. बन आणि केळी आणून ठेवा आणि सहाला निघा.